भाड्याने पाय मिळत नाही

सुनीलचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मुगवड्या घालत होते. हात डाळीने भरलेले, फोन कसाबसा कोपराने कानाशी धरला. "मोठी आई… आई गेली." एवढंच बोलला तो. त्याची आई म्हणजे शोभा, माझी धाकटी जाऊ. चौसष्ट वर्षांची. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत टेकली आणि बसल्या जागीच गेली. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तिला तर सगळ्यांत आधी.

त्याला आता सहा आठवडे झाले. रडणं आटोपलं माझं. आज लिहायला बसले ती रागाने. तेरवीच्या पंगतीत आमच्या नणंदबाई चारचौघांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "सायकलच भोवली तिले. या वयात इमानात सायकल घालून केरळात जाते का कोणी?" पाच-सहा माना हलल्या. मी वरण वाढत होते. माझ्याच्याने तेव्हा बोलवलं नाही, वाढत पुढे गेले. ती चूक झाली माझी. म्हणून हे आता, पेपरच्या या पुरवणीत, सगळ्यांसमोर.

लहानपणी सावनेरला विहिरीच्या काठावरून पडून शोभाचं कंबरेचं हाड मोडलं होतं. डावा पाय दीड बोट आखूड राहिला तो राहिलाच. लग्नात तिला पाहून बायका कुजबुजल्या होत्या, त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू. माझे दीर गेल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी, ती सायकल शिकली. कोपऱ्यावरच्या सायकलच्या मिस्त्रीने डाव्या पेडलवर सागाचा तुकडा बसवला, त्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलं, सीट मागे-पुढे करकरून तिच्या मापाला आणली. चालताना तिचा पाय सगळ्या जगाला दिसायचा. सायकलवर बसली की कोणाच्या बापाला कळत नसे.

मागच्या हिवाळ्यात तिच्या सायकलवाल्या मैत्रिणींनी केरळचा किनारा धरून सात दिवस फिरायचं ठरवलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि 'दमाने जा, पण जा' म्हटलं. सुनीलचं मात्र मन होईना. तो म्हणाला, "आई, सायकल काहून नेतं? तिथं भाड्यानं मिळते ना."

"अन् पाय? पायही भाड्यानं मिळते का तिथं?"

मग प्रश्न उरला विमानात सायकल न्यायच्या पेटीचा. पुठ्ठ्याच्या खोक्यात सायकल नेतात म्हणे, पण खोकं ओलं झालं की संपलं. कापडाची जाड पिशवी येते, ती हलकी, पण वरून दुसऱ्याचं सामान पडलं तर मागच्या चाकाजवळचा गिअरचा नाजूक तुकडा वाकतो. आणि शोभाला भीती त्या सागाच्या तुकड्याची. तो तुटला तर केरळात कोण बसवून देणार? तेव्हा पेटी कडकच हवी, हे नक्की झालं. आता कडक पेटी म्हटल्यावर आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर काय येणार? कामठी! तिथे फौजी लोकांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका बनतात. गेलो आम्ही सायकलचं माप घेऊन. ट्रंकवाल्या चाचांनी आयुष्यात असं माप पाहिलं नव्हतं, पण हौसेने बनवली. शेवटी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन झाकणावर नाव घालायला बसले. फौजींच्या ट्रंकेवर नाव असतं, हुद्दा असतो, तीच सवय. विचारलं, "रँक क्या लिखूँ, बहनजी?"

शोभा माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिखो, धाकटी जाऊ."

त्यांनी तसंच लिहिलं हो! घरी आणली, ऑटोतून उतरवली आणि आम्ही दोघी दोन्हीकडच्या कड्या धरून उभ्या राहिलो. पेटी हलेना. रिकामी! विमानात नेण्याच्या सामानाला वजनाची मर्यादा असते, हे आम्ही पत्रा कापून, रंगवून झाल्यावर विचारात घेतलं. आठवडाभर शोभाचा फोन आला की दोघींना हसूच यायचं, बोलणं व्हायचंच नाही. त्या ट्रंकेत आता माझ्या गोधड्या आहेत.

मग मैत्रिणींकडून दोन प्लास्टिकच्या पेट्या पाहायला आणल्या. एक ऐसपैस, तिच्यात सायकलचं फक्त पुढचं चाक काढायचं. दुसरी लहान, तिच्यात दोन्ही चाकं, पेडल, हँडल सगळंच सुटं करावं लागे. मला वाटलं, मोठीच घेईल. पण तिची परीक्षा वेगळी होती. पेटी उभी करून एका हाताने ओढत ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. मोठी तिच्या आखूड पायाला अडखळू लागली.

"मले कोणाले हमाली सांगाची नाही, बाई," ती म्हणाली. "सुटं कराले शिकतो मी. अन् आता तुम्ही बसा हिच्यावर."

"मी? काहून वं?"

"तुम्ही बसल्यावर नाही दबली, तं इमानवाल्यायचा बाप आला तरी दबत नाही."

बसले. दबली नाही. तीच पसंत केली.

पुढचा महिनाभर ती मिस्त्रीकडे शिकवणीला जायची. डाव्या पेडलच्या स्क्रूचा आटा उलटा असतो, हे तिला कळलं तेव्हा कोण आनंद! "पहा बाई, सायकलचंही डावं अंग जगावेगळंच असते." हवा थोडी सोडायची, चाकांमध्ये फोम घालायचा, पट्टे आवळायचे. सुरुवातीला दुपार जायची, नंतर कुकरच्या चार शिट्ट्यांत पेटी बंद.

कोचीहून फोन आला, "पोचली! पेटी उघडून पाह्यली, मंग पाणी पेली." चौथ्या दिवशी परत आला. मागे समुद्राचा आवाज. "बाई, इथली माती किती लाल आहे! माझं कुंकू पुसाले किती हात आले होते, आठवते ना? आता म्हणा पुसा. टाचेपासून गुडघ्यापर्यंत लाल आहो मी…"

ते हात कोणाचे होते, मला माहीत आहे. एक माझाही होता.

सात दिवस पूर्ण करून ती आली. त्यानंतर अडीच महिने जगली, आणि ते अडीच महिने मी तिच्या तोंडून केरळ ऐकला. सायकलने तिला मारलं नाही. तिच्या वाट्याला जेवढं आयुष्य होतं, त्यातलं सगळ्यांत उजळ सायकलने दिलं. ज्यांना मान हलवायची त्यांनी पुन्हा हलवावी. या वेळी आडवी हलवा.

तेरवीनंतर नणंदबाईंनी सुनीलला सांगितलं, "गेलेल्या बाईची पेटी घरात नको, देऊन टाक कोणाले तरी." तो बिचारा ती धुऊन द्यायला ओलं फडकं घेऊन बसला होता. फोमच्या खाचांमध्ये लाल माती बसलेली. मी फडकं ओढून घेतलं त्याच्या हातातून.

"अवं मोठी आई, माती आहे ते."

"दिसते मले."

पेटी आता माझ्या बैठकीत आहे, दाराशीच, येणाऱ्याला वळसा घालून यावं लागतं. मला काही सायकल येत नाही आणि आता या गुडघ्यांनी येणारही नाही. पण जिला कुठे जायचं असेल आणि घरातले 'या वयात?' म्हणत असतील, तिने ही पेटी न्यावी. सुटं कसं करायचं ते मिस्त्री शिकवील, वजन पेलते की नाही ते मी बसून दाखवीन. नणंदबाई ही पुरवणी वाचतात. त्यांनाही हवी असेल तर संकोच करू नये. फक्त परत आणताना पुसून आणायची नाही. जिथे गेलात, तिथली माती आत राहू द्यायची.