जर्मनबुवाचा हौद

थोर जर्मन संगीतकाराच्या रचनांचे प्रकार तीन: घागर, टिपाड आणि हौद. ही वर्गवारी माझ्या आईची आहे, आणि लातुरात तरी ती अजून कुणी खोडून काढलेली नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा हजर व्हायचा राहिला. आमच्या शेजारी पुण्याचे एक साहेब भाड्यानं आले. कुटुंब पुण्यात, सोबत फक्त रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर तबकड्या, सगळ्या त्या एकाच जर्मनाच्या. त्याचं नाव जिभेवर बसेना म्हणून आई त्याला जर्मनबुवा म्हणू लागली.

साहेबांच्या ओट्यावरच्या टाकीत सरकारी टँकर रिकामा व्हायचा. आमच्या नळाला नुसती हवा. आई पाणी मागायला गेली.

"जरूर न्या," साहेब म्हणाले. "पण एकट्यानं ऐकून कंटाळा येतो हो. मुलाला पाठवा. तबकडी वाजतेय तोवर नळी लावून ठेवा."

मुलगा म्हणजे मी. घरात गाण्यातलं कळणारा मीच. (मी पेटीवर भजनं म्हणायचो. त्या वेळी गल्लीतल्या लोकांना नेमकी बाजाराची कामं निघायची.)

पियानोची लहान चीज म्हणजे घागर. चार तंतुवाद्यांचं ते टिपाड. आणि ढीगभर माणसं उभी राहून देवाला आळवतात ती प्रार्थना म्हणजे अख्खा हौद.

"काय आवाका आहे माणसाचा," साहेब भारावून म्हणायचे. "आणि शेवटी ठार बहिरा झाला होता."

हे मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्याचं बरं झालं. ऐकावं तर माझ्या लेकराला लागतंय."

अडचण एकच. बुवा मध्येच थांबायचा. एक भाग संपून दुसरा लागेपर्यंत सगळं चिडीचूप. आणि आई पडली सच्ची बाई. आवाज थांबला की फुकटचं नको म्हणून नळी मुडपून धरायची. पुढचं हळू सुरू झालं तर तिला ऐकू जायचं नाही. म्हणून शांतता झाली की मी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं "वाहवा" म्हणायचो. त्यावरून आईला कळायचं, अजून चालू हाय.

"मध्ये दाद देत नाहीत हो," साहेब कळवळायचे.

"राहवत न्हाई साहेब."

अशात ताईचा साखरपुडा ठरला. उदगीरची मंडळी जीप भरून येणार, आणि आदल्या दिवशी आमचा हौद खडखडीत.

"पाहुण्यांना हात धुवायला पाणी न्हाई मिळालं तर सोयरीक मोडंल," आईनं बजावलं. "आज घागरीवर येऊ नको. हौद ऐकून ये."

मी प्रार्थना मागितली. साहेब खूश झाले. ती सुरू झाली आणि मी झोपलो. (प्रार्थनेत मला शाळेपासूनच झोप येते.) जाग आली तेव्हा सगळं शांत. आईनं नळी मुडपली असणार, ताईचं लग्न मोडलं असणार! त्या धसक्यानं मी ओरडलो, "वाहवा! वाहवा! पुन्हा एकदा!"

प्रार्थना नुकतीच संपली होती. साहेबांचे डोळे भरून आले.

"शिवा, असा श्रोता मी किती वर्षं शोधत होतो," म्हणाले, आणि पहिल्यापासून सगळी पुन्हा लावली.

आमचा हौद भरला, टिपाड भरलं, पराती भरल्या. आई शब्दाची पक्की, बुवा गातोय तोवर नळी चालू. शेवटी तिनं गल्लीला हाक मारली.

सकाळी उदगीरकरांनी हातच काय, पायसुद्धा धुतले. तेवढ्यात दारात साहेब. खांद्यावर टॉवेल, हातात कोरडी बादली.

"वहिनी, टाकीत थेंब नाही हो. एक बादली मिळेल का?"

"मिळंल की," आई म्हणाली. "आमचा शिवा पाहुण्यांपुढं भजन म्हणायलाय. त्याचं चालू हाय तोवर बसा अन् भरून घ्या."

मी दुसरं कडवं उचललं, तेव्हा साहेब कोरडी बादली घेऊन फाटकाबाहेर पडत होते. त्या दिवशी ते बिनअंघोळीचेच ऑफिसला गेले म्हणे.

सोयरीक मात्र टिकली. उदगीरकरांची अट एकच होती: लग्नात नवरीच्या भावानं फक्त ऐकायला बसावं.