गच्चीवरची रिकामी दोरी

नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेली, की सूनबाईचा दुसरा चहा व्हायचा. म्हणजे गरम व्हायचा. प्यायला सवड मिळेल तर शपथ. मोरीशेजारी नवंकोरं मशीन कपडे वाळवत घरघरत होतं आणि त्याच्या समोर, मुरगळलेला पाय स्टुलावर ठेवून सासूबाई बसल्या होत्या. मशीन घरात आल्याला आठ दिवस झाले, तेवढे दिवस त्यांचं त्याच्याशी वाकडं होतं.

"भाजून काढतंय मेलं कपडे," त्या म्हणाल्या. "बाहेरचं ऊन संपलंय का?"

"आई, तुम्ही जिन्यात घसरलात म्हणूनच आणलं ना त्यांनी."

"कपड्यांपायी नव्हते घसरले मी."

ते खरं होतं, आणि ते सूनबाईला एकटीलाच ठाऊक होतं. दहा महिने झाले, रोज सकाळी एक चिमुकलं विमान यायचं आणि समोरच्या मैदानातल्या एकुलत्या एका झाडाभोवती घिरट्या घालत बसायचं. ते आपल्याच घरात डोकावतं याबद्दल सासूबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आवाज आला रे आला, की त्या तरातरा गच्चीवर जायच्या आणि त्याला मूठ दाखवायच्या. त्या दिवशी अशाच तिरीमिरीत पायरी चुकली. मुलाला मात्र कपड्यांचं कारण सांगितलं, आणि तो गुणी बाळ तिसऱ्या दिवशी मशीन घेऊन हजर!

दारावर टकटक झाली.

बाहेर पन्नाशीला टेकलेला, ठेंगणा माणूस उभा होता. शर्टाला कडक इस्त्री, पण नखांच्या कडांना वर्षानुवर्षांचं ग्रीस. त्याने आधी गच्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माफ करा ताई, निळ्या टाकीचं घर हेच ना? वरनं चटकन ओळखू येतं हो. खालून सगळी सारखीच. दोन दारं चुकून ठोठावली."

"वरनं म्हणजे?"

"विमानातनं," तो ओशाळून म्हणाला.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

"आई, विमानवाले आलेत."

आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग, "येऊ दे. बघू तरी!"

तो आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम, त्याने सांगितलं, सव्वीस वर्षं झाली. सगळा जन्म उंच इमारतींच्या पोटात, काळोख्या बोळात तारांना लटकून गेला. फक्त लिफ्टच्या मोटारीची खोली तेवढी वर, छपरावर. तिथे डबा खायला बसलं की विमानं जाताना दिसायची. "लोकांना सव्वीस वर्षं वर पोचवतोय, म्हटलं एकदा आपणही जावं." बायको म्हणाली होती, घरातला पंखा पुसायला शिडीवर चढवत नाही तुमच्याच्याने, आणि निघालात विमान उडवायला! पण दुपारपाळीच्या आधी रोज उडायला निघताना डबा तीच भरून द्यायची, आणि परत आला की आधी विचारायची, आज गोल आला का?

"कसला गोल?" सूनबाईने विचारलं.

त्याने टेबलावर कप पालथा घातला. हे झाड. बाटलीचं झाकण उचललं. हे विमान. झाडापासून सारखंच अंतर राखून, उंची न बदलता, गोल फेरी मारायची. ऐकायला सोपं. पण वारा ढकलत असतो. तो पाठीशी आला की विमान सुसाट सुटतं, तेव्हा पंख जास्त कलवून वळायचं. तोंडावर आला की वळण सैल सोडायचं. "ते साधलं तर गोल. नाहीतर अंडं!"

"त्यात काय कठीण आहे?" सासूबाई म्हणाल्या. "अंगावर कोणी धावून आलं की आपण जरा सैल सोडायचं. मी या घरात पन्नास वर्षं तेच करतेय."

सूनबाईने साखरेचा डबा बंद केला.

"तर वारा आधी ओळखावा लागतो, आजी. विमानतळावर खांबाला लावलेली कापडी पिशवी तिथला वारा सांगते. इथला टेकडीमुळे वेगळा. कोणी धूर बघतं, कोणी तळ्यातल्या लाटा. मला तुमची दोरी सापडली. मंगळवारी चादरी, शुक्रवारी शाळेचे कपडे."

"अगंबाई! म्हणजे माझे गाऊन..."

"छे हो! हजार फुटांवरनं फक्त कुठल्या बाजूला फडफडतंय तेवढंच कळतं." तो कानापर्यंत लाल झाला. "पण आठ दिवस दोरी रिकामी. शनिवारी वैमानिकाच्या परीक्षेची रंगीत तालीम होती. वारा उलटाच धरून बसलो. असं अंडं झालं की शिकवणारे सर म्हणाले, उकडून घ्या आता. पण मला वेगळीच काळजी लागली. म्हटलं, त्या घरात काही बरंवाईट तर नाही? कारण गच्चीवरनं रोज कोणीतरी हात करायचं. सुरुवातीला मी फार घाबरायचो, ताई. तो हात दिसला की बरं वाटायचं. एकदा तर मीही पंख डोलवले." त्याने सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्हीच का त्या?"

सूनबाईने चहाच्या कपात डोकं घातलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मीच," त्या म्हणाल्या. "मग काय, एवढ्या लांबनं आलेला माणूस."

"आणि पायाला काय झालं?"

"वय झालं, दुसरं काय! तू चहा घे. परीक्षा कधी आहे तुझी?"

"गुरुवारी. परीक्षकबाई वर्षातनं दोनदाच येतात. मागच्या खेपेला नापास झालो. आता पुन्हा झालो, तर बायकोला सांगून ठेवलंय, बस झालं, सोडून देईन."

"आणि दोरी बघितलेली चालते? नक्कल नाही ना ही?"

"चालते. उलट बाईच विचारतात, वारा कशावरनं ओळखलात?"

सासूबाई मशीनकडे वळल्या आणि आठ दिवसांत प्रथमच त्याच्याकडे बघून हसल्या. "सूनबाई, बंद कर गं ते."

घरघर थांबली. त्याने पालथा कप सरळ करून ठेवला, झाकण बाटलीला लावलं आणि उठून उभा राहिला.

"ताई, एकच मागणं आहे. गुरुवारी साडेनऊ ते दहा, दोरीवर एक पांढरी चादर घालाल? वर दोनच चिमटे, खालची बाजू मोकळी. ओली नसली तरी चालेल."