काळ्या कागदातलं स्थळ

माणसाला समोर बसवून त्याचं नाक कापायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. काळा कागद, छोटी कात्री, पेन्सिलीची एक रेघ नाही. माणूस एका बाजूने बघायचा, कपाळापासून निघून हनुवटीखाली उतरायचं आणि तो काळा चेहरा पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचा. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी चलती होती. नवी कचेरी, नवे साहेब, आणि प्रत्येकाला आपला चेहरा भिंतीवर हवा. लग्न मात्र जमेना. कागद कापणाऱ्याला पोरगी कोण देणार? नांदेडकडच्या लोकांनी तर धंदा ऐकूनच चहा आवरता घेतला.

शेवटी मामाने भोकरजवळ एक स्थळ काढलं आणि मला न विचारता तिथे सांगून टाकलं, की भाचा नव्या जिल्ह्याच्या कामावर आहे.

साल दुष्काळाचं. जयभीम करून बसलो तर पोह्यांऐवजी कोरडा चिवडा आला. पोहे भिजवायला पाणी नव्हतं. मुलगी मान खाली घालून बाजूला बसली. समोरून बघायची माझी हिंमत नव्हती, बाजूने बघायची सवय होती. ती मला तिथल्या तिथे आवडली. हे स्थळ हुकू नये असं फार वाटलं.

तिच्या वडिलांनी विचारलं, खातं कोणतं? मामा चिवडा चावण्यात गुंग झाला. मला खोटं जमत नाही. मी खिशातून कात्री काढली आणि मुलीचाच चेहरा कापून त्यांच्या हातात दिला. नाक, ओठ, अंबाडा, सगळं हुबेहूब.

मुलीची आत्या कागद बघून भडकली. “आमची पोरगी एवढी काळी हाय व्हय?”

मी म्हणालो, यात सगळेच काळे येतात, कलेक्टरसाहेबसुद्धा. साहेबाचं लगीन झालेलं आहे, त्याला काय फरक पडतो, असं तिने सुनावलं. मामा चपला शोधायला लागला.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. आत्या, वडील, शेजारीपाजारी, जो तो घागर घेऊन पळाला. मामाच्या हातातही कुणीतरी बादली कोंबली. एरवी लग्नाआधी पोरापोरीला असं एकटं कुणी सोडत नसे, पण पाण्यापुढे रीतभात कुणाला आठवते.

मुलीने मान वर केली. “खरंच नुसता कागदच कापता?”

“हाव. तेवढंच येतं.”

“मग तिकडं बघा. हलू नका.”

तिने माझी कात्री घेतली. मी जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या जागी बसलो. कात्री थांबायचं नाव घेईना, तेव्हा नाक कुठवर गेलं असेल ही काळजी.

माणसं भिजून परतली. आत्याने घागर टेकवली आणि भाचीच्या हातातला कागद ओढून घेतला. नाक दोडक्याएवढं, हनुवटीचा पत्ता नाही.

“हे कुणाचं ध्यान?”

मुलीने मान पुन्हा खाली घातली.

“तुझ्या जावयाचं, आत्या.”