शीबाई आणि ट्रकमधली घोडी

'शी' हा एवढासा शब्द किती तऱ्हांनी उच्चारता येतो हे मला आमच्या मोठ्या बाईंमुळे कळले. माठावर उष्टा पेला पालथा घातलेला दिसला की त्यांची एक 'शी' असे, मुलीच्या वेणीतून ऊ खाली पडली की दुसरी. आवाज कधी चढत नसे. नाकाची एक बाजू किंचित वर जाई, वरचा ओठ ताणला जाई आणि शब्द जेमतेम बाहेर पडे. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी खिडकीतून पानाची पिंक टाकली, तेव्हा त्यांच्यादेखत काढलेली 'शी' मुली पुढे कितीतरी दिवस एकमेकींना करून दाखवत होत्या. जव्हारच्या त्या शाळेत त्यांचे नावच शीबाई पडले. त्यांना ते ठाऊक होते. "नाव ठेवायला हरकत नाही, हात धुऊन ठेवा," एवढेच त्या म्हणत.

मी जव्हारजवळच्या साखरशेतची. घरी भात आणि नाचणीची शेती, आणि घराण्यात शाळेत नोकरीला लागलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि शीबाई माझ्या काळ्या भाकरीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी माझा हात उचलून नखे पाहिली, मग डब्याचे झाकण वास घेऊन पाहिले, आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "स्वच्छ आहे," म्हणाल्या, "उद्यापासून थोडी जास्त आणा, सुमती." मी जन्मात कुणाकडून घेतलेले ते सगळ्यात मोठे प्रशस्तिपत्र.

त्या देशावरच्या. त्यांचे वडील तिकडच्या एका संस्थानात जनावरांचे डॉक्टर होते, आणि आई लवकर गेल्यामुळे बाई वडिलांच्या मागे मागे पागेतच वाढल्या होत्या. स्वच्छतेचे वेड त्यांना तिथूनच लागले असावे. एकदा शाळेच्या दारात तांग्याच्या घोड्याने लीद टाकली, तर नाकाला पदर लावायचा सोडून त्यांनी ती छत्रीच्या टोकाने उकलून पाहिली आणि तांगेवाल्याला सांगितले, "ह्याला कोंडा कमी घाला, गवत जास्त." आम्ही तोंडे वाकडी केली तेव्हा म्हणाल्या, "गवतच आहे ते. ह्यात घाण वाटण्यासारखं काय आहे?"

घाण त्यांना वाटे ती वेगळ्याच गोष्टींची. विलीनीकरण झाले, जव्हारचे संस्थान गेले, आणि गावात जे काही बघायला मिळाले त्याने बाईंचा वरचा ओठ महिनोन् महिने खाली आलाच नाही. दरबारात वाकून वाकून ज्यांच्या कमरा दुखायच्या, तेच लोक आता चौकात उभे राहून राजघराण्याच्या नावाने बोटे मोडत होते. राजांची पागा मोडली तेव्हा तर कळस झाला. घोडी विकली गेली, आणि राहिलेल्या सामानावर गावातली चांगली चांगली माणसे तुटून पडली. कुणी खोगीर उचलले, कुणी झूल नेली, आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पाण्याची दगडी कुंडी अंगणात नेऊन तिच्यात तुळस लावली. बाई त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या आणि तुळस पाहून उंबऱ्यावरूनच परत आल्या. मला म्हणाल्या, "काल ज्याच्या दारात हात जोडले, आज त्याचीच भांडी उचलायची. शी."

त्याच सुमारास परीक्षा घ्यायला आम्हा दोघींना मोखाड्याला पाठवले. दिवस उन्हाळ्याचे होते. सकाळची मोटार आलीच नाही, म्हणून गावातल्या गफूरभाईंच्या ट्रकमध्ये आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. गफूरभाई लाकडे, कोळसा, जे मिळेल ते नाशिककडे नेत. त्या दिवशी मागे पागेतली एक घोडी होती. पांढरी, उंच, दसऱ्याच्या मिरवणुकीत आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. त्र्यंबकच्या एका माणसाने ती लग्नाच्या वराती काढण्यासाठी घेतली होती. तो वरातवाला मागेच, घोडीजवळ फळकुटावर बसला होता.

मोखाड्याच्या रस्त्याला चढ लागला तशी आमच्या पाठीमागच्या फळ्यांवर धडधड सुरू झाली. आधी टापा, मग काठीचा आवाज, मग पुन्हा टापा. बाई ताठ बसून ऐकत होत्या.

"गफूरभाई, गाडी थांबवा."

"बाई, हा चढ आहे. इथं थांबली तर पुन्हा उचलायची नाही."

"ती मागं घसरतेय. एकदा पडली आणि पाय फळीत अडकला तर मोडेल. पुढं सपाटी आली की थांबवा, आणि रस्त्याच्या कडेला उंच बांध असेल तिथंच."

वाटेतल्या पोशेऱ्याच्या अलीकडे तशी जागा मिळाली. मी बाईंच्या मागून उतरले आणि ट्रकच्या मागे गेले. जे दिसले ते आज आठवले तरी जेवण जात नाही. घोडीचे तोंड लोखंडी दांड्याला इतके आखूड बांधले होते की तिला मान खाली करताच येत नव्हती. वरचा ओठ सुतळीच्या फासात घालून पिळला होता आणि त्याचा रंग जांभळा झाला होता. तोंडाला फेस. गुडघे सोललेले. पायांखाली लीद आणि मुताचा चिखल, त्यात ती घसरत होती आणि घसरली की मार खात होती. वर सुटलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडली की ती डोळे पांढरे करून सगळ्या अंगाने थरथरायची. आणि ह्या सगळ्यावर एक आंबूस वास.

"काय पाजलंत तिला?" बाईंनी विचारले.

वरातवाला हसला. दारूबंदी नुकतीच आली होती, म्हणून त्याने आवाज खाली आणला. "थोडी मोहाची. गप राहते."

"आणि ओठाला हे?"

"त्याशिवाय चढतच नव्हती, बाई. जनावर आहे, त्याला काय कळतं?"

बाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मग अगदी साधेपणाने, खरेच जाणून घ्यायचे आहे अशा आवाजात त्यांनी विचारले, "तुम्ही ह्याच हातांनी जेवता?"

त्याने बिडी काढली आणि तो खाली उतरला.

बाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि त्या चिखलात चढल्या. माठावरचा उष्टा पेला ज्यांना सहन होत नसे, त्या बाई घोट्यापर्यंत लिदीत उभ्या राहिल्या. त्यांनी सुतळीचा फास सोडवला तशी घोडीने मान हिसडली आणि बाई फळीवर आदळल्या. कोपर फुटले. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी हाताने मला गप केले. "तिची चूक नाही. दुखत असताना आपणही असंच करू." मग त्या तिच्या खांद्याशी, तिच्याकडे न बघता उभ्या राहिल्या आणि पाढे म्हणायला लागल्या. बेचा पाढा, तीनचा, चारचा. वर्गात म्हणत तशाच, एका सुरात. गफूरभाई माझ्याकडे बघायला लागले. पण घोडीचा एक कान हळूहळू त्या आवाजाकडे वळला.

"ताडपत्री काढा," पाढ्याच्या मधेच बाई म्हणाल्या. गफूरभाईंनी ती निमूटपणे काढून गुंडाळली. बाईंनी दोर सैल केला तसे घोडीने डोके पार खाली घातले, ती खोकली, आणि तिने नाकातून कितीतरी घाण बाहेर टाकली. बाईंच्या साडीवर. त्या हलल्या नाहीत. ट्रकची मागची फळी बांधावर टेकवून त्यांनी तिला एकेक पाऊल मागे घेत सावलीत उतरवले.

मला पाणी आणायला पिटाळले. पलीकडे एक म्हातारी मोह वेचत होती, जवळ भरलेला हंडा होता. त्या दिवसांत पाणी किती खालून आणावे लागते हे मला सांगायला नको होते, म्हणून मागताना मला लाज वाटली. मी घरच्या बोलीत विचारले. तिने लांबून घोडीकडे पाहिले.

"पोरी, कोनी मारला तिला?"

"त्या मान्सानं."

"त्याला पानी नको देव," ती म्हणाली आणि हंडा माझ्या डोक्यावर ठेवला. "घोडीला पाज. मी जाईन परत झऱ्याव."

बाईंनी आधी आपल्या पदराने घोडीचे तोंड आतून-बाहेरून पुसले, मग थोडे थोडे पाणी पाजले. एकदम पिऊ दिले नाही. म्हातारीनेच जवळच्या खोपटातून पेंढाही आणून दिला. गफूरभाई आणि मी मिळून ट्रकचा तळ खरवडला, माती टाकली, तिच्यावर पेंढा पसरला. वरातवाला झाडाखाली बसून बिडी ओढत होता आणि उशीर होतोय म्हणून कुरकुरत होता. त्याच्या नाकासमोर दोन मास्तरणी आणि एक ड्रायव्हर त्याच्या जनावराची घाण काढत होते, आणि त्याला काहीही वाटत नव्हते. मला त्या वेळी आयुष्यात प्रथमच एका माणसाची खरोखरची शिसारी आली. त्याच्या बिडीची, त्याच्या पायांची, तो बसला होता त्या जागेचीही.

घोडी परत चढेना. फळीवर पाय ठेवायची आणि मागे सरायची. वरातवाल्याने उठून काठी उचलली. गफूरभाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि दरीत भिरकावली. "माझ्या गाडीत पुन्हा मारायचं नाही," ते म्हणाले. बाईंनी दोर सैल धरला, घोडीकडे पाठ केली आणि एकट्याच ट्रकमध्ये चालत गेल्या. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग मागून फळी वाजली आणि घोडी त्यांच्या खांद्याला नाक लावून आत आली.

मोखाड्यापर्यंत बाई मागेच उभ्या राहिल्या. गफूरभाई ट्रक बैलगाडीसारखा चालवत होते. शाळेपाशी मी उतरले, परीक्षेच्या कागदांच्या पेट्या उतरवल्या आणि हात पुढे केला, तर बाई उतरेनात.

"सुमती, उद्या परीक्षा तुम्ही सुरू करा. पुढं त्र्यंबकपर्यंत घाट आहे. मी सोडलं तर हा पुन्हा फास घालेल."

"बाई, वर कळलं तर?"

"कळेलच. सरकारी काम आहे, कुणीतरी कळवेलच."

आणि कळवले. मोखाड्याच्याच एका शिक्षकाने, ज्याला बाईंची जागा हवी होती, त्याने. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मोटारीतून उतरल्या तेव्हा त्यांची साडी वाळून कडक झाली होती आणि मोटारीतली माणसे त्यांच्यापासून सरकून बसली होती. पुढे खुलासा मागितला गेला. वरचे साहेब तसे बरे होते. त्यांनी बाईंना बोलावून सुचवले की एकाएकी आजारी पडले असे सांगा, प्रकरण मिटेल. बाई म्हणाल्या, "मी उत्तम होते. घोडी आजारी होती." परतल्यावर त्या मला म्हणाल्या, "खोटं किती सहज देतात हो हे लोक, पानसुपारीसारखं." त्यांची बदली लांब, खानदेशात झाली.

निघायच्या दिवशी मी मोटारस्टँडवर गेले. तोपर्यंत गावात गोष्ट पसरली होती, गफूरभाईंनी ती मशिदीपासून बाजारापर्यंत सगळीकडे सांगितली होती. मी म्हटले, "बाई, सगळे म्हणतात तुम्ही घोडी वाचवलीत."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी बोलायला नको होते असे वाटले.

"तुम्ही त्या वरातवाल्याचा गोठा बघितला नाहीत," त्या म्हणाल्या. "खाली सडका चिखल, वर पत्रा, बुटकं दार. आत आणखी एक घोडा होता, त्याच्या पाठीला भोक पडलं होतं आणि त्यात माशा होत्या. ती दारात थांबली, आत जाईना. तो काहीतरी उचलायला वळला. आता मारणार, म्हणून मी दोर हातात घेतला आणि वाकून आत गेले. ती आली माझ्या मागं. जराही अडली नाही, सुमती. मग मी तिला खुंटीला बांधलं आणि बाहेर आले."

मोटार आली. बाई चढल्या, खिडकीपाशी बसल्या. मी पाया पडायचे ठरवून आले होते, ते राहूनच गेले. त्या समोर बघत होत्या. मोटार गावाबाहेरच्या शिरपामाळाच्या बाजूला वळेपर्यंत मी उभी होते, त्यांनी मागे पाहिले नाही.

पुढे मीही मोठी बाई झाले, कितीतरी गावांत राहिले. अजूनही नाक्यावर जनावरांनी भरलेला ट्रक थांबला की मला बसवत नाही. मी उठते, जवळ जाते आणि दोर सैल करायला लावते, खाली पेंढा टाकायला लावते. बरेचसे ड्रायव्हर हसतात. काही मुकाट्याने करतात. ट्रक कुठे चालला आहे, हे मात्र मी विचारत नाही.