बंद मशीन आणि महाराजांचा पाय

संकटातल्या माणसाची हाक परमेश्वरापर्यंत पोचते आणि तो कोणत्या ना कोणत्या रूपात धावून येतो, याचा मला स्वतःला अनुभव आला आहे. माझ्या बाबतीत तो पांढऱ्या मोठ्या गाडीतून आला आणि आल्या आल्या त्याने संडास कुठे आहे ते विचारलं. मी भक्त नव्हतो आणि हाकही मारली नव्हती. बाकी सगळं खरं आहे.

खालापूरच्या अलीकडे आमचं गाव. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी घराशेजारी पत्र्याची शेड टाकली आणि गेट, ग्रिल, कठडे करू लागलो. वेल्डिंग मशीन खोपोलीतल्या एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून जुनंच घेतलं होतं. शेजारच्या घरात माझी थोरली बहीण, अक्का, एकटी राहते. पितृपक्षात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दसऱ्याला सकाळी ती दवाखान्यातून सुटणार होती. तिचं घर उंच जोत्यावर आहे, पायऱ्या दगडी, धरायला काही नाही. दोन्ही बाजूंना कठडा असला तर ती चढेल, असं व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. कठडा नसेल तर आईला थेट बदलापूरच्या फ्लॅटवर नेतो, असं माझा भाचा म्हणत होता. भाचा वाईट नाही. पण लेकाच्या फ्लॅटवर गेलेली म्हातारी माणसं गावी परत येतात ती मतदानाला, हे अक्काने पाहिलेलं होतं. उचलून घरात नेऊ, असं मी फोनवर म्हणालो, तर ती उसळली. "उचलून? मी काय भाताची गोणी हाय? माज्या पायांनी चढेन, नायतर जाईन बदलापूरला. तू कठडा कर रं!"

अष्टमीच्या संध्याकाळी एका बाजूचा कठडा उभा राहिला आणि मशीन गप्प झालं. ना दिवा, ना पंख्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा करतात आणि पूजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत. ओळखीचा एक फॅब्रिकेटर दहिवलीत आहे. त्याला मशीन मागितलं. "काका, सकाळीच पूजा झाली. आज त्याच्यावर देवी बसलीय. उद्या सोनं लुटलं की न्या." कशेळ्यातल्या दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तोही पूजेला बसला असावा. माझं सोडलं तर अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी एकही मशीन बिघडलेलं नव्हतं आणि एकही चालणार नव्हतं.

शेडमध्ये आलो तर आमच्याही मशीनची पूजा झालेली. बायकोने ते पाटावर ठेवलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं, केबलचं नीट वेटोळं करून त्यावर झेंडूचा हार घातला होता.

"अहो, आज त्याला हात लावायचा नाय."

"अगं, ते बंद आहे. बंद मशीनची कसली पूजा?"

"बंद हाय म्हणूनच. चालू असतं तर देवीला कशाला तरास दिला असता?"

बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की उघडून बघणं म्हणजे काम नव्हे, ती सेवा. मात्र केबलवरचा हार काढायचा नाही.

मग मी सेवेला बसलो. फ्यूज बघितला, शाबूत होता. स्विच बघितला, ठीक. प्लगची केबल तार तपासायच्या मीटरवर लावली, ती हाराखाली वेटोळ्यातच होती, पण मीटर वाजला, म्हणजे केबल ठीक. झाकण काढलं. आत पूर्वीच्या मालकाच्या काळापासूनची धूळ होती, ती ब्रशने झाडली. बोर्डावर काही जळलेलं नाही, कपॅसिटर फुगलेला नाही, कुठला सांधा सुटलेला नाही. प्लगचं टोक वेटोळ्यातून ओढून उंबऱ्यावरून दारापलीकडच्या स्विचबोर्डात घातलं, बटण दाबलं. शांतता. पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना मला कळलं की मी आता बिघाड शोधत नाही, नुसता भाच्याला काय सांगायचं ते ठरवतो आहे. अक्का गाडीतून उतरेल, एका बाजूचा कठडा बघेल आणि पुन्हा गाडीत बसेल. प्लग आणि बटण तसंच चालू राहू देऊन मी पेचकस खाली ठेवला आणि मनात म्हणालो, आता माझ्याच्याने होत नाही. ही प्रार्थना नव्हती. या वाक्यावर कोणाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात गाडी थांबली. कुठल्याशा महाराजांचं खोपोलीकडे प्रवचन होतं. गाडीच्या काचेवर त्यांचाच फोटो, बरोबर दोन शिष्य. मला देवाचं वावडं नाही. देवाच्या नावाने स्वतःचे फोटो लावणाऱ्यांचं आहे. पण नैसर्गिक गरज कोणाची अडवू नये. महाराज मागे जाऊन आले, बायकोने पाणी दिलं, पाया पडली आणि मला टाळता येण्याआधीच सगळी हकीकत सांगून टाकली.

"महाराज, उद्या आमच्या वन्सं यायच्या हायत. ह्यांचं मशीन काय उठत नाय."

महाराज शेडच्या उंबऱ्यावर आले. गोल, घामाघूम, रबरी चपला घातलेले गृहस्थ. त्यांनी मशीनकडे पाहून उजवा हात वर केला, आणि मशीन सुरू झालं. दिवा लागला, पंखा फिरू लागला, झेंडूची एक पाकळी उडाली. बायकोने हात जोडले. शिष्यांनी जयजयकार केला. महाराज दचकून मागे सरकले, आणि मशीन बंद पडलं.

मी त्यांच्या हाताकडे नव्हतो बघत. मी खाली बसलेलो होतो, त्यामुळे मला त्यांचा पाय दिसत होता.

"महाराज, होतात तिथे परत उभे राहा."

ते राहिले. दिवा लागला.

"आता पाय उचला."

दिवा गेला.

"काका, महाराजांना असं उठबस करायला लावता?" एक शिष्य कळवळला.

"थांब रे," महाराज म्हणाले. "लोक पायावर डोकं ठेवतात. पाय कुठे ठेवायचा ते आज पहिल्यांदाच कुणी सांगतंय. इथे ठेवू, की जरा अलीकडे?"

अलीकडे ठेवल्यावर काही झालं नाही. म्हणजे उंबऱ्यावर, बरोबर त्यांच्या टाचेखाली, केबलच्या आतली तार तुटलेली होती. वरचं आवरण शाबूत. वेटोळ्यात वाकलेली असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती, म्हणून मीटर वाजला. ओढली की सुटत होती. हार काढून केबल सरळ करून तपासली असती तर सकाळीच कळलं असतं. प्लग काढला, तेवढा तुकडा कापून टाकला आणि उरलेल्या केबलला प्लग पुन्हा जोडला. महाराज ते होईपर्यंत थांबले. मशीन चालू झाल्यावर शिष्यांपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसला.

आता देवीची परवानगी उरली होती. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "महाराजांनीच चालू केलंय. आता आपण बंद ठेवायचं म्हणजे त्यांचा अपमान नाय का?" आणि तिने स्वतःच्या हाताने हार उतरवला. माझ्या दृष्टीने त्या दिवशीचा खरा चमत्कार हा. दिवेलागणीपर्यंत दुसरा कठडा उभा राहिला.

या सगळ्याचा अर्थ मी लावत बसत नाही. तार तुटली होती आणि तिच्यावर एका वजनदार माणसाचा पाय पडला, इतकं मला माहीत आहे. पण कर्जतपासून इथपर्यंत रस्त्याला शेकडो घरं असताना त्याला आमच्याच दारात का थांबावंसं वाटलं, हे माहीत नाही. मला जिथे जिथे बघता येत होतं तिथे माझं बघून झालं होतं. मी पेचकस खाली ठेवला नसता तर माझं डोकं मशीनमध्येच असतं आणि तो पाय मला दिसला नसता. शरण जाणं म्हणतात ते बहुधा यापेक्षा मोठं काही असेल. माझ्या वाट्याला एवढंच आलं, आणि मी त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

दसऱ्याला सकाळी अक्का आली. भाचा पुढे झाला, तिने त्याला हातानेच बाजूला केलं. दोन्ही कठडे धरून, दर पायरीवर थांबून, ती चढली. वर पोचल्यावर तिने दाराच्या चौकटीला तळवा टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिने हात काढला तेव्हा चौकटीवर लालभडक पाच बोटं उमटलेली होती. बायकोने ती पुसू दिली नाहीत. आता तिथे रोज फूल असतं, आणि गावातल्या दोघीतिघी नमस्कार करून जातात. तो रेड ऑक्साइड आहे, लोखंडाचा गंज रोखणारा रंग. कठड्याला मी त्याच पहाटे लावला होता, वाळला नव्हता. टर्पेंटाइनने निघतो.