पेशीतला मुकादम

तुरीच्या डाळीचा कोरडा, धुळकट वास आला की मला उदगीरची ती दुपार आठवते. लातूरहून केमो घेऊन आलेल्या आईचा कप मावशीनं वेगळा ठेवला आणि वर म्हणाली, "कुणाचं तरी वाईट केलं असंल, त्याबिगर कॅन्सर व्हतो का?" माझं डोकंच फिरलं. मी तेव्हा नांदेडला जीवशास्त्र शिकत होते आणि आईची सारी उमर डाळमिलमध्ये गेली होती, म्हणून मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं, "पेशीत एक प्रथिन असतं, मिलच्या मुकादमासारखं. जनुकांना तेच कामाला लावतं, डीएनएची नक्कल काढायलाही तेच लावतं. तुझ्या पेशीतला मुकादम थांबायचंच विसरलाय, म्हणून पेशी वाढतच चालल्यात, त्यांचीच ही गाठ." आईनं सरळ मावशीच्या हातातला कप घेतला, एक घोट प्याली आणि उष्टा कप तिला परत दिला. "पी आता. मुकादम बिघडलाय, म्या कुणाचं वाईट केलं न्हाई. अन् त्यो चहातून तुझ्याकडं यायचा बी न्हाई." मावशीनं चहा तसाच निवू दिला. आता आई नाही, आणि गाठ माझ्या अंगात निघालीय. काल मावशी भेटायला आली, तिच्यासाठी दुसरा कप येईपर्यंतही थांबली नाही. तिनं माझ्या हातातला उष्टा चहा घेऊन पिऊन टाकला.