दोघांचं चक्र

गिअर म्हणजे वेग, असं समजणाऱ्या माणसांचा मला अजूनही राग येतो. आमच्या हुबळीच्या बाजारात असली माणसं पुष्कळ. दुकानापुढं माझी मोटरसायकल उभी दिसली की विचारायची, किती पळते? किती ओढते, हे कुणी विचारलं नाही. इंजिनात ताकद असते तेवढीच असते. ती पळण्यात घालवायची की ओढण्यात, हे दातांच्या चक्रांवर ठरतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी चेन फिरवणारं एक लहान चक्र असतं. त्याचा एक दात कमी केला की गाडी चढ चांगला चढते, पण सपाटीवर वेग घटतो आणि इंजिन नुसतं ओरडत राहतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मला हे सगळं बायकोमुळं कळलं.

माझं खणांचं दुकान. आमचे आजोबा मिरजेकडून इकडं आले, पण कुलदेवी राहिली घाटाखाली, गोव्यात. दर वर्षी दिवाळीची गिऱ्हाइकी ओसरली की तिची ओटी भरायला जायचं. ती घरच्या सुनेनं स्वतः जाऊन भरायची, असा रिवाज. बस होती, रेल्वे होती. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी हिनं सांगून टाकलं, "बसमधी मला उलटी होतीया. मी तुमच्या मागं बसून येणार."

जाताना उतार, त्यामुळं काही कळलं नाही. येताना हिनं दोन पिशव्या भरून नारळ, आमसुलं आणि कसले कसले पापड घेतले होते. गाडी लहान, त्यात जुनी. घाटातल्या सगळ्यात उभ्या वळणावर मी दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, तरी ती धापा टाकत बंद पडली. मी चिडून म्हणालो, "उतर खाली." ती उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "गाडी चढंना म्हणून बायको उतरवतात व्हय? नारळ उतरवा की!" वर येईपर्यंत ती चालत होती आणि हसत होती. माझा मात्र पारा चढलेला. पुन्हा तिला त्या वळणावर पायी चालायला लावायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

जुन्या हुबळीत एका बोळात माझा मेकॅनिक होता. वयानं माझ्याएवढाच, पण मला अण्णा म्हणायचा आणि हिला अक्का. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एक दात कमी असलेलं चक्र शोधून आणलं. तेव्हापासून ते आमचं दोघांचं चक्र. वर्षभर त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं असायचं, तेलकट फडक्यात गुंडाळून. जायच्या आधी मी गाडी घेऊन गेलो की तो मान वर न करता विचारायचा, "अण्णा, ओब्बरो, इब्बरो?" एकटे की दोघं? मी म्हणायचो, "इब्बरू." उत्तर दर वर्षी तेच, तरी तो विचारल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. परत आलो की पुन्हा पहिलं चक्र चढवायचं. एवढ्याशा प्रवासासाठी गाडीची आतडी काढणारा हा कोण शहाणा, असं बाजारात माझ्या माघारी बोलत. बोलू देत.

त्या चक्रावर गाडी सपाटीला अगदी रडायची. हुबळीबाहेरचं उणकल मागं पडून पुढचं रायापूर येईस्तोवर माझं डोकं उठायचं. हिला त्याचं काही नव्हतं. "बरं हाय की, झाडं तरी दिसत्यात," म्हणायची. आणि घाटात ते वळण आलं की मी दुसरा गिअर टाकायचो आणि मागं न बघता म्हणायचो, "घट्ट धर." तिचा हात माझ्या खांद्यावर यायचा, गाडी गुरगुरत वर चढायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका वर्षी गाडी ते वळण तिसऱ्या गिअरमध्येच चढून गेली. पिशव्या नेहमीएवढ्याच होत्या. मी खूश. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा मेकॅनिकचं कौतुक करत सुटलो, यंदा त्यानं काय हात फिरवलाय बघ म्हणून. ती चहाचा ग्लास फुंकत ऐकत होती. मग म्हणाली, "गाडी हाय तशीच हाय हो. मी हलकी झालीया."

तिनं ग्लास तोंडाला लावला तेव्हा मनगटातल्या बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. उरलेल्या रस्त्यात मी गाडी कशी चालवली, आठवत नाही.

हुबळीतले डॉक्टर झाले, मिरजेचे झाले. पावसाळा संपला तेव्हा ती नव्हती. शेवटी शेवटी तिनं दुकानातून खण मागवून घेतले आणि त्यातला एक हिरवा, लाल काठांचा, निवडून उशाशी ठेवला. "हा देवीला. ओटी चुकवू नका," एवढंच म्हणाली. मला तेव्हा देवीचा भयंकर राग आला होता. आजही पूर्ण गेलेला नाही.

दिवाळी झाल्यावर गाडी घेऊन बोळात गेलो. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. माझ्या गाडीचा आवाज ऐकून सवयीनं म्हणाला, "अण्णा, ओब्बरो, इब्बरो?" आणि मग गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला. तेराव्याला तो माझ्या घरी जेवला होता. बाहेर येऊन माझ्याकडं बघायची त्याला हिंमत होईना. मी म्हणालो, "इब्बरू." त्यानं खिळ्यावरचं फडकं काढलं आणि खाली मान घालून काम केलं.

देवळात पुजाऱ्यानं खण हातात घेऊन विचारलं, "बाई दिसत नाहीत?" मी नारळ पुढं केला. त्याला समजलं असावं, त्यानं ओटी देवीपुढं ठेवली.

येताना पिशव्या नव्हत्या. एकट्या माणसाला ते चक्र फारच सोपं पडलं. घाट कधी सुरू झाला हे इंजिनाला कळलंसुद्धा नाही. ते वळण आलं, तरी गाडी तिसऱ्यावर आरामात चढत होती, आणि तिचं ते आरामात चढणं मला सोसेना. मी उगाच दुसरा गिअर टाकला. गाडी नेहमीसारखी गुरगुरली आणि मी मागं न बघता म्हणालो, "घट्ट धर."